दोन मायक्रोसेकंदांचा भोवरा

हा लेख वाचायला घेतलाच आहे, तर मध्ये एकदा फोन टेबलावर आडवा ठेवा. साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब असा तो असेल. तेवढ्या जागेतून दर मिनिटाला शंभरेक म्यूऑन आरपार जातात. समुद्रसपाटीला ठोकताळा असा, की आडव्या ठेवलेल्या दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला एक. आमचं नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंचावर, त्यामुळे इथे किंचित जास्तच. स्क्रीनला चरा पडत नाही आणि बॅटरीला कळत नाही. दहा मिनिटांत हजार कण येऊन गेलेले असतात.

पंचवटीतल्या मावशीला मी हे एकदा सांगत होते. ती म्हणाली, "अगं, मग आपल्या अंगातूनही जात असतील की!" म्हटलं, हो, जन्मल्यापासून. "काही होत नाही ना?" नाही. मग तिने थोडा विचार करून विचारलं, "फुकटात एवढं आभाळातून पडतंय, तर कुणी त्याचा काही उपयोग केला की नाही?"

हा प्रश्न मावशीचा आहे. उत्तर मात्र नाशिकपासून कुलाब्यापर्यंत आणि तिथून बऱ्याच लांब जातं.

आधी नाशिकचंच बघू. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून तीन नंबरच्या लेण्यात शिरलात, की गौतमी बलश्रीचा शिलालेख वाचण्याआधी एक गोष्ट नकळत घडलेली असते. डोक्यावर त्रिरश्मी डोंगराचा काळा पाषाण येतो आणि अंगावर पडणारे म्यूऑन एकदम कमी होतात. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या म्यूऑनची सरासरी ऊर्जा चार गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते, आणि दहा मीटर बेसॉल्ट भेदायला सुमारे सहा लागतात. म्हणजे बरेचसे डोंगरातच थांबतात. साठच्या दशकाच्या शेवटी लुईस अल्वारेझ यांनी इजिप्तमधल्या खाफ्रेच्या पिरॅमिडखाली यंत्रं ठेवली आणि दगडातून गाळून येणारे म्यूऑन मोजून आत दडलेली खोली आहे का ते शोधलं. नव्हती. पण रीत टिकली. २०१७ साली त्याच रीतीने खुफूच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये एक मोठी पोकळी सापडली.

हा झाला म्यूऑनचा ढोबळ उपयोग, दगडाची जाडी मोजण्याचा. मला ज्याबद्दल लिहायचंय तो उपयोग फार नाजूक आहे. तिथे म्यूऑन दगडातून पार जात नाही. तो एखाद्या चिमूटभर भुकटीत थांबतो, दोन मायक्रोसेकंद जगतो आणि मरताना आतल्या चुंबकत्वाची बातमी सांगून जातो.

*

१९३६ साली कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमेयर यांना वैश्विक किरणांमध्ये एक विचित्र कण दिसला. इलेक्ट्रॉनपेक्षा बराच जड, प्रोटॉनपेक्षा बराच हलका. आज आपल्याला माहीत आहे, की त्याचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या २०७ पट. वर्षभर आधी जपानच्या हिदेकी युकावांनी अणूचं केंद्रक एकत्र धरून ठेवणारा अशाच मधल्या वजनाचा कण असला पाहिजे असं भाकीत केलं होतं. सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. ते चुकलं होतं, पण ते कळायला दहा वर्षं जावी लागली.

त्या वेळी केंब्रिजमध्ये होमी भाभा होते, वय तिशीच्या आत. वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर १९३७ साली त्यांनी वैश्विक किरणांचे वर्षाव कसे तयार होतात याचं गणित मांडलं. एका इलेक्ट्रॉनपासून प्रकाशकण, त्यापासून पुन्हा इलेक्ट्रॉनच्या जोड्या, अशी उतरंड. पण किरणांचा एक भाग शिशाच्या जाड विटांमधूनही आरामात पार होत होता आणि तो या उतरंडीत बसत नव्हता. तो दुसऱ्याच कशाचा तरी असणार, हे या गणितातूनच उघड होत गेलं.

१९३८ साली भाभांनी 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. माझ्या मते त्यांच्या कामातला हा सगळ्यात देखणा तुकडा. त्यांचं म्हणणं असं : हा कण आपोआप फुटणारा असेल, तर तो एक घड्याळच झाला. आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे धावतं घड्याळ मंद चालतं. म्हणजे वेगाने येणारा कण थांबलेल्या कणापेक्षा जास्त काळ जगलेला दिसला पाहिजे.

हे किती महत्त्वाचं आहे ते साध्या गुणाकाराने कळतं. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्यात तो ६६० मीटर जाईल. आपल्याला आठ-नऊ मिनिटं चालायला लागतील एवढंच अंतर. पण तो जन्मतो पंधराएक किलोमीटर वर. घड्याळ मंद झालं नसतं, तर तुमच्या फोनपर्यंत जवळजवळ एकही पोहोचला नसता. १९४१ साली ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेत डोंगरावर मोजमापं करून हे पडताळलं.

नावाचाही एक किस्सा आहे. या कणाला तेव्हा 'मेसोट्रॉन' म्हणत. भाभांनी १९३९ साली सांगितलं, की ग्रीक 'मेसो'मध्ये 'ट्र' कुठून आला? 'मेसॉन' म्हणा. जगाने ऐकलं. पुढे कळलं, की आकाशातून आपल्यापर्यंत पोहोचणारा हा कण युकावांचा नाहीच. युकावांचा कण पायॉन. तो वरच्या हवेतच फुटतो आणि त्यातून हा म्यूऑन निघतो. आज भौतिकशास्त्राच्या वर्गवारीत पायॉन मेसॉन आहे, म्यूऑन नाही. ज्याच्यासाठी नाव सुचवलं त्यालाच त्या घरातून बाहेर काढलं गेलं.

पायॉन आणि म्यूऑन वेगळे आहेत हे ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटाने १९४७ साली फोटोग्राफीच्या पायसात दाखवलं, आणि १९५० साली पॉवेलना नोबेल मिळालं. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या वाटेवर आधी आपल्याकडचं कुणीतरी चालून गेलं होतं.

बिभा चौधुरी. जन्म १९१३, कलकत्त्यातल्या. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. केलं. बोस इन्स्टिट्यूटमध्ये देबेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर त्या दार्जिलिंगला आणि आणखी वर संदकफूला फोटोग्राफीच्या काचा घेऊन जात. काचा महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवायच्या, मग धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या वाटा मोजायच्या. वाटेवर चांदीचे ठिपके किती दाट आहेत आणि ती किती वळणं घेते, त्यावरून कणाचं वस्तुमान काढायचं. १९४१ आणि १९४२ साली त्यांचे निबंध 'नेचर'मध्ये आले. वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या दोनशे पटींच्या आसपास. पद्धत तीच, जिच्यावर पॉवेल पुढे गेले. फरक काचांच्या दर्जाचा होता. युद्ध चालू होतं, चांगल्या पायसाच्या काचा कलकत्त्यात मिळत नव्हत्या, आणि काम तिथे अडलं.

त्यांचं नोबेल हुकलं असं म्हणण्याची आता पद्धत पडली आहे. मला ते वाक्य फार आवडत नाही. त्याने लोक हळहळतात आणि मग पुढे स्क्रोल करतात. त्यांनी नंतर काय केलं, ते जास्त सांगण्यासारखं आहे. त्या मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि १९४९ साली मुंबईत भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत नुकतीच हलली होती. पुढे अहमदाबाद, कोलारच्या सोन्याच्या खाणीतले प्रयोग, शेवटी पुन्हा कलकत्ता. १९९१ साली त्या गेल्या. मोठा पुरस्कार नाही, फारसं नावही नाही. राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय यांनी त्यांचं चरित्र लिहिलं ते २०१८ साली. पुढच्या वर्षी एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं.

ब्लॅकेट यांचं नाव आलंच आहे, तर थोडं वळण घेते. वैश्विक किरणांसाठी १९४८ चं नोबेल घेतल्यावर हा माणूस दगडांच्या चुंबकत्वाकडे वळला. पन्नासच्या दशकात त्यांच्या गटाने आणि टाटा संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती, डॉइच यांनी दख्खनचा काळा पाषाण मोजला. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजांचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने गोठतात. सह्याद्रीतल्या कितीतरी थरांत ती दिशा आजच्या उलट निघाली, आणि तिच्या कलावरून हेही दिसलं, की लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. खंड सरकतात हे तेव्हा बरेच लोक मान्य करत नव्हते. ज्या दगडात आपल्याकडची लेणी कोरली गेली, त्या दगडाने त्या वादात साक्ष दिली.

या दगडाचं चुंबकत्व होकायंत्राच्या सुधारलेल्या आवृत्तीने मोजता येतं. पण असे पदार्थ आहेत, की ज्यांत चुंबकत्व आहे की नाही हेच बाहेरून कळत नाही. शेजारशेजारचे अणू एकमेकांच्या उलट तोंडं करून बसतात आणि बेरीज शून्य. किंवा ते कधी थांबतच नाहीत. तिथे आत जाऊन बसणारं होकायंत्र लागतं.

*

ते होकायंत्र सापडलं १९५७ च्या जानेवारीत, एका शनिवार-रविवारी.

४ जानेवारी, शुक्रवार. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ नेहमीप्रमाणे चिनी हॉटेलात जेवायला बसले होते. त्सुंग-दाओ ली यांनी बातमी दिली, की चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगात निसर्ग डाव्या-उजव्यात भेदभाव करतो असं दिसू लागलंय. तोवर सगळे धरून चालत, की आरशातलं जग आणि आपलं जग एकाच नियमांनी चालतं. लिऑन लेडरमन यांच्या डोक्यात त्या संध्याकाळी आलं, की असं असेल तर पायॉनमधून निघणारे म्यूऑन सगळे एकाच दिशेला 'स्पिन' करत निघत असणार, आणि ते फुटताना पॉझिट्रॉनही एका बाजूला जास्त जाणार. हे तर लगेच मोजता येईल. मार्सेल वाइनरिच या विद्यार्थ्याचा भलताच प्रयोग यंत्रावर मांडलेला होता. तो मोडला. रिचर्ड गार्विन आले. त्यांनी मोजणीचं यंत्र फिरवण्यापेक्षा तारेचं वेटोळं गुंडाळून म्यूऑनच फिरवायचं ठरवलं. मंगळवारी सकाळपर्यंत उत्तर हातात होतं. शिकागोत जेरोम फ्रीडमन आणि व्हॅलेंटाइन टेलेग्डी यांनी हेच फोटोग्राफीच्या पायसात, म्हणजे बिभा चौधुरींच्याच साधनाने पाहिलं.

गार्विन-लेडरमन-वाइनरिच यांचा निबंध मोठ्या शोधाचा होता, पण त्यात जाता जाता एक सूचनाही आहे : असे एका दिशेला स्पिन असलेले म्यूऑन अणूंमधल्या आणि अणूंदरम्यानच्या चुंबकीय क्षेत्रांचा शोध घ्यायला फार उपयोगी पडू शकतील. मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

हे चालतं कसं? गोदाकाठी भोवरा खेळलेल्या कुणालाही समजेल. भोवरा किंचित कलला, की पडत नाही. त्याचा आस हळूहळू गोल फिरू लागतो, कारण पृथ्वी त्याला ओढत असते. ओढ जास्त तर आसाचं फिरणं जलद. म्यूऑनचा भोवरा असाच, फक्त त्याला ओढतं चुंबकीय क्षेत्र. एक टेस्लाच्या क्षेत्रात तो सेकंदाला साडेतेरा कोटी फेऱ्या मारतो. फ्रिजवरच्या चुंबकाचं क्षेत्र शंभर गाउसच्या आसपास धरलं, तर तेवढ्यात तो आपल्या आयुष्यात जेमतेम तीन फेऱ्या मारेल. पण तीन पुरतात. एकही पूर्ण झाली नाही तरी वळायला लागलेला भोवरा ओळखता येतो.

प्रयोगात प्रोटॉनचा झोत ग्राफाइटच्या पातळ तुकड्यावर मारतात. पायॉन तयार होतात, ते फुटून म्यूऑन निघतात, सगळ्यांचे भोवरे एकाच दिशेला. पदार्थ फार घालावा लागत नाही. एखाद-दोन ग्रॅम भुकटी चांदीच्या पत्र्यावर पसरतात आणि परम शून्याच्या जवळ थंड करतात. धन म्यूऑन आत शिरतो, अणूंच्या मधल्या मोकळ्या जागेत थांबतो आणि तिथल्या क्षेत्राभोवती फिरू लागतो. मग फुटतो. फुटताना पॉझिट्रॉन शक्यतो त्याच दिशेला फेकतो, जिकडे त्या क्षणी त्याचा आस होता. पुढे आणि मागे मोजणीची यंत्रं बसवलेली असतात. एका म्यूऑनवरून काहीच कळत नाही. काही कोटी म्यूऑन मोजले, की पुढे किती आणि मागे किती यांच्या फरकाचा आलेख वेळेनुसार वरखाली होताना दिसतो. आलेखाला नियमित लाटा असतील, तर आत शिस्तीचं चुंबकत्व आहे. नुसताच खाली घसरत गेला, तर चुंबकत्व विस्कळीत आहे किंवा हलतं आहे. बाहेरून एकही चुंबक न लावता हे मोजता येतं.

डोक्यावर पडणारे म्यूऑन या कामाला उपयोगी नाहीत. ते फार वेगात असतात, हवे तेव्हा येत नाहीत आणि चिमूटभर भुकटीत थांबत नाहीत. आभाळातून कण फुकटात मिळतो, पण त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर त्याला कारखान्यात जन्माला घालावं लागतं.

*

आता कुलाबा. टाटा संस्था १९६२ पासून नेव्ही नगरच्या टोकाला, समुद्राला लागून आहे. त्याच कुलाब्यात १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकाच्या सुया बिथरतील म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला नेलं. चुंबकत्व मोजणाऱ्यांना शांतता लागते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टाटा संस्थेतला एक गट दुर्मिळ मृदाधातूंचे संयुग बनवत होता. आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन, एस. के. धर, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आणि बाकीचे; आयआयटी मुंबईचे बी. डी. पदालिया त्यांच्याबरोबर. इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांचं एक संयुग त्यांनी तपासलं आणि १२ केल्विनच्या, म्हणजे उणे २६१ अंश सेल्सिअसच्या आसपास त्यात अतिवाहकतेची पुसट खूण दिसली. अतिवाहक म्हणजे ज्यातून वीज वाहताना अजिबात अडत नाही आणि जो चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो असा पदार्थ.

खूण इतकी बारीक होती, की नमुन्याच्या फारच थोड्या भागात काहीतरी घडत असावं. शिवाय त्यात निकेल होतं. निकेल लोखंडासारखं चुंबकीय, आणि चुंबकत्व हे अतिवाहकतेचं विष असं अनेक वर्षांचं शिकवणं. अशी खूण दिसली की 'नमुन्यात घाण असेल' म्हणून पुढे जाणं हा प्रयोगशाळेतला रिवाज आहे, आणि दहातल्या नऊ वेळा तो बरोबरच असतो. या मंडळींनी घाण कोणती हे शोधायचं ठरवलं. ती कार्बन होती. मग कार्बन मुद्दाम घातला आणि पुसट खूण ठळक झाली. निबंध १९९४ च्या जानेवारीत 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला.

त्याच जानेवारीत अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या रॉबर्ट कावा यांच्या गटाचे निबंध 'नेचर'मध्ये आले. त्यांनी पॅलेडियमवाल्या भावंडात २३ केल्विनची अतिवाहकता दाखवली, आणि निकेलच्या कुळातला नेमका अतिवाहक पदार्थ वेगळा काढला : एक भाग इट्रियम, दोन निकेल, दोन बोरॉन, एक कार्बन. त्याची रचनाही त्यांनीच उलगडली. मुंबईचा नमुना अनेक संयुगांचा गोळा होता, बेल लॅब्जचा शुद्ध. कोण पहिलं? मी दोन्हीकडचं वाचलंय. माझं मत असं, की दार मुंबईत उघडलं आणि घरातलं सामान बेल लॅब्जने लावलं. या पदार्थांना बोरोकार्बाइड म्हणतात. त्यांचा इतिहास सांगताना मुंबईचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो तेव्हा मला खटकतं, पण शुद्ध स्फटिकाचं श्रेय नाकारायचंही कारण नाही.

गंमत पुढे आहे. इट्रियमच्या जागी हॉल्मियम, अर्बियम, थुलियम असे स्वतःच चुंबकीय असलेले अणू बसवले, तरी अतिवाहकता मरेना. अर्बियमवालं संयुग ११ केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं आणि ६ केल्विनला त्यातले चुंबकीय अणूही शिस्तीत उभे राहतात. हॉल्मियमवाल्यात ८ च्या आसपास अतिवाहकता येते, ५ च्या आसपास चुंबकत्व जागं होताना ती जवळजवळ विझते आणि पुन्हा सावरते. विष आणि अमृत एका भांड्यात.

की दोन भांड्यांत? इथे म्यूऑनचं काम सुरू होतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात दोन भांडकुदळ भाडेकरू राहतात असं समजा. रस्त्यावरून दोघांचेही आवाज येतात. पण ते एकाच खोलीत राहतात की एक माडीवर आणि एक ओसरीवर, हे रस्त्यावरून कळत नाही. बाहेरून मोजणारी बहुतेक यंत्रं रस्त्यावर उभी असतात. म्यूऑन मात्र खोलीखोलीत जाऊन बसतात. निम्म्या पदार्थात चुंबकत्व आणि निम्म्यात अतिवाहकता असेल, तर निम्मेच भोवरे वळतात. सगळ्या पदार्थात चुंबकत्व असेल, तर सगळे वळतात. हॉल्मियम, अर्बियम, थुलियमच्या बोरोकार्बाइडांवर नव्वदच्या दशकात असे प्रयोग झाले आणि अतिवाहक अवस्था चालू असतानाच आत चुंबकीय क्षेत्र असल्याचं म्यूऑनना दिसलं. भाडेकरू एकाच खोलीत होते.

आज ज्यांना क्वांटम पदार्थ म्हणतात, ते याच जातीचे. त्यांतले इलेक्ट्रॉन एकेकटे बघून काही समजत नाही, सगळ्यांनी मिळून केलेला बेतच बघावा लागतो. हर्बर्टस्मिथाइट नावाचं तांब्याचं खनिज घ्या. त्यातले तांब्याचे अणू बुरडाच्या षट्कोनी विणीच्या टोपलीसारखे मांडलेले आहेत, आणि तीन-तीन अणूंच्या त्रिकोणात कुणी कुणाच्या उलट तोंड करायचं याचा निकालच लागत नाही. त्यांच्यातली ओढाताण दोनशे केल्विनच्या घरातली. तरी २००७ साली फिलिप मेंडेल्स आणि सहकाऱ्यांनी म्यूऑन वापरून ०.०५ केल्विनपर्यंत खाली जाऊन पाहिलं, तेव्हाही चुंबकत्व गोठलेलं नव्हतं. अशा ठिकाणी 'काहीच झालं नाही' हाच निकाल असतो, आणि तो खात्रीने सांगू शकणारी साधनं फार थोडी.

साक्षीदार निर्दोष आहे असं नाही. म्यूऑन नेमका कुठे बसला हे तो सांगत नाही, ते गणिताने काढावं लागतं. आणि तो धन भाराचा असल्यामुळे शेजारच्या अणूंना थोडं सरकवतो. काही पदार्थांत, विशेषतः प्रसिओडिमियमच्या संयुगांत, म्यूऑनने पाहिलेलं चुंबकत्व त्यानेच बिघडवलेल्या शेजाराचं निघालं. चौकशीला आलेल्या पाहुण्यामुळे घरातले वेगळं वागू लागावेत, तसं.

*

मावशीला एवढं सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, "मग हे यंत्र आपल्याकडे कुठेय? मुंबईत?"

नाही. भारतात म्यूऑनचा असा झोत कुठेच नाही. ज्या देशात बिभा चौधुरींनी दार्जिलिंगला काचा ठेवल्या आणि भाभांनी म्यूऑनचं घड्याळ ओळखलं, तिथल्या विद्यार्थ्याला आपला पदार्थ म्यूऑनला दाखवायचा तर विमानात बसावं लागतं. जगात असे झोत बोटांवर मोजण्याइतके : इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ आयसिस, स्वित्झर्लंडमध्ये पॉल शेरर संस्था, कॅनडात ट्रायम्फ, जपानात जे-पार्क. मोठा प्रोटॉन त्वरक लागतो, आणि तो केवळ म्यूऑनसाठी कुणी बांधत नाही. न्यूट्रॉनसाठी किंवा केंद्रकांच्या अभ्यासासाठी बांधलेल्या यंत्राच्या वाटेत ग्राफाइटचा तुकडा ठेवून म्यूऑन मिळवतात. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात असा प्रोटॉन त्वरक उभारण्याचा विचार बरीच वर्षं चालू आहे. तोवर भारत सरकारच्या विज्ञान खात्याने आयसिसशी करार करून इथल्या संशोधकांना तिथे जाण्याची सोय केली आहे.

तिथे वेळ मागावी लागते. अर्ज करायचा, तज्ज्ञांची समिती तो वाचते, आणि जमलं तर काही दिवस मिळतात. ते दिवस चोवीस तासांचे असतात, कारण झोत रात्री झोपत नाही. एक जण जागा, एक जण डुलक्या घेतोय, तापमान एकेक पायरी खाली, आणि स्क्रीनवर मोजलेल्या पॉझिट्रॉनचा आकडा चढतोय. आयसिसमध्ये सेकंदाला चाळीस वेळा म्यूऑनचा ठोका पडतो.

भुकटी मात्र आधी इथेच तयार झालेली असते. कुठल्याशा भट्टीत तिने आठवडे काढलेले असतात, मग खलात दळून काचेच्या छोट्या बाटलीत, वर पेनने लिहिलेलं नाव, सोबत ती घातक नसल्याचा कागद. प्रयोग संपला, की विद्यार्थी ठरलेल्या तिकिटावर परत येतो. बाटली मागे राहते. झोतातून निघालेल्या नमुन्यात किरणोत्सर्ग उरला नाही ना, हे तिथले लोक तपासतात, आणि मग ती पोस्टाने येते.